घरातच थांबा

भोंग्याला सगळं शहर ओळखायचं, पण आवाजावरून. तीनचाकी टेम्पो, टपावर पुढे-मागे तोंड केलेले दोन कर्णे, आत ॲम्प्लिफायर, बॅटरी आणि फडकं गुंडाळलेला माइक, एवढ्या सरंजामावर त्याने उभी हयात काढली होती. उद्या नळाला पाणी नाही, हे भोंगा सांगणार. चपलांचा सेल लागला, कुणाचं पोर बाजारात चुकलं, कुणाची अंत्ययात्रा निघणार, तेही तोच सांगणार. सभा तर सगळ्याच पक्षांच्या. आज ह्यांच्यासाठी घसा फोडायचा, परवा त्यांच्यासाठी, आणि दोघांच्याही चहाला नाही म्हणायचं नाही. बायको म्हणायची, "दिवसभर गावाला ऐकवतो आणि घरी आला की ह्याची बॅटरी उतरलेली."

त्याची थोरली बहीण खालच्या वस्तीत राहायची, समुद्राला अगदी लागून. आई गेली तेव्हा भोंगा जेमतेम चालायला लागला होता. त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत नेऊन बसवलं ते ताईने. अजूनही ती त्याला धाकट्या म्हणायची आणि चारचौघांत कॉलर नीट करायची. भाऊजी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. भोंग्याचा टेम्पो अडला, की आधी शिव्या घालायचे आणि मग बाह्या सरसावायचे.

वादळाची खबर आली त्या सकाळी कचेरीतून भोंग्याला बोलावणं आलं. खालच्या वस्तीतल्या सगळ्यांनी दुपारच्या आत वरच्या शाळेत जावं, असं जाहीर करायचं होतं. त्याने गल्ल्या पालथ्या घातल्या. लोक कुरकुरले, पण हलले. बायकांनी गाठोडी बांधली, म्हाताऱ्यांना खुर्चीसकट उचलून दारात आणलं. ताईच्या दाराशी भाऊजी गादीची वळकटी आवळत होते. ते ओरडून म्हणाले, "तुझ्या टेम्पोत म्हातारीला घेशील का, शेजारच्या?" भोंगा म्हणाला, परत येताना घेतो.

परत जाण्याआधी त्याला पुन्हा कचेरीत बोलावलं. साहेबांच्या खोलीत सत्तेतले पुढारी बसले होते आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत, चक्क, विरोधातलेही. वस्तीसमोर समुद्राला नवी भिंत उभी राहिली होती. तिला मंजुरी एकाच्या राज्यात मिळाली, बांधून झाली दुसऱ्याच्या. दोघांनाही तिच्यावर आपलं नाव हवं होतं आणि उद्घाटन तोंडावर आलं होतं. वादळ वाट बदलतंय अशी नवी खबर आहे, असं कुणीतरी म्हणालं. सत्तेतले पुढारी म्हणाले, "एवढी भिंत उभी असताना माणसं पळायला लागली, तर भिंत बांधली कशाला, असं विचारतील लोक." विरोधातल्याने मान हलवली. बाकी सगळ्या बाबतीत एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या त्या दोघांचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं.

साहेब दाराशी उभ्या असलेल्या भोंग्याकडे वळले. जाहीर कर, म्हणाले, की धोका टळला आहे, भिंत भक्कम आहे, घरातच थांबा, रस्त्यावर गर्दी करू नका. भोंगा चाचरला. सकाळी तर आपणच उलट सांगितलं, असं काहीतरी पुटपुटला.

"तुझं काम बोलायचं," साहेब म्हणाले. "विचार करायला आम्ही आहोत."

भोंगा बोलला. सकाळच्याच गल्ल्यांतून, सकाळच्याच आवाजात. गाठोडी पुन्हा घरात गेली. कुणी हसलं, कुणी त्यालाच चिडवलं, की भोंग्या, सकाळची घेतलेली उतरली का. ताईच्या गल्लीत त्याने टेम्पोचा वेग कमी केला. ताई अजून उंबऱ्यात उभी होती. एक पाय आत, एक बाहेर. तेव्हा त्याने माइकवर स्वतःचं एक वाक्य जोडलं, जे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. "ताई, सोड ते गाठोडं. मी सांगतोय ना, काही होत नाही." गल्ली हसली. भाऊजींनी वळकटी सोडली.

वादळाने वाट बदलली नाही. संध्याकाळच्या भरतीबरोबर भिंत मधोमध फुटली आणि पाणी तिथून असं घुसलं, की भिंत नसती तर बरं झालं असतं. आत आलेलं पाणी त्याच भिंतीने बाहेर जाऊ दिलं नाही. ताई पत्र्यावर चढली. शेजारच्या म्हातारीला वर ढकलताना भाऊजी खालीच राहिले. पाणी ओसरल्यावर ते सापडले ते आपल्याच दुकानात, उलट्या पडलेल्या होडीखाली. म्हातारी वाचली. वस्तीतली कितीतरी माणसं वाचली नाहीत.

मढी उचलून होतात न होतात, तोच दोष उचलायला माणसं शोधणं सुरू झालं. आधी निसर्ग, मग ठेकेदार, मग हवामानवाले. कुणीच पुरेसं पडेना. तेवढ्यात कुणीतरी गच्चीवरून मोबाइलवर घेतलेलं चित्रण बाहेर आलं. त्यात ओली गल्ली होती, टेम्पोचा टप होता आणि आवाज होता. "घरातच थांबा." टीव्हीवर ते दिवसभर वाजू लागलं. चौकोनात बसलेली माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत, आणि मध्येच सगळ्यांना गप्प करून भोंगा बोले. सभागृहात प्रश्न आला. कचेरीने हात वर केले. आम्ही स्थलांतराचीच सूचना दिली होती, दुसरी कुठलीही सूचना आमच्याकडून गेली नाही, असं साहेबांनी कॅमेऱ्यासमोर शांतपणे सांगितलं. म्हणजे उरला तो.

टेम्पोच्या काचा फुटल्या. कर्णे कुणीतरी उपसून गटारात टाकले. भोंग्याच्या बायकोला शिवणकामाच्या दुकानातून सांगितलं गेलं, की काही दिवस येऊ नकोस, गिऱ्हाइकं नाराज होतात. भोंगा खिडक्या लावून घरात बसला. शेजारच्या घरातल्या टीव्हीवरून त्याचाच आवाज भिंतीतून आत यायचा आणि तो कान दाबून धरायचा.

मग विरोधातले पुढारी स्वतः आले. खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, तुझ्यावर अन्याय झाला म्हणाले. मोठी सभा घेतोय, तू फक्त खरं बोल, साहेबांचं नाव घे, बाकी आम्ही बघतो. निघताना त्यांनी मुद्द्याला हात घातला. तुझी बहीणही व्यासपीठावर असली तर बरं. तिचा नवरा गेलाय, लोकांच्या काळजाला भिडेल.

भोंगा ताईकडे गेला. तोवर तो तिला भेटलाच नव्हता. भाऊजींच्या मातीलाही लांब, एका झाडामागे उभा राहिला होता. ताई वरच्या शाळेत होती. वर्गातले बाक भिंतीला रचलेले, मध्ये दोऱ्या बांधून चादरी सोडलेल्या, एकेका चादरीमागे एकेक कुटुंब. तो आला तशी पलीकडची कुजबुज थांबली. ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि हातातली चादर घडी करत राहिली. त्याने खाली मान घालून निरोप सांगितला.

तिने चादरीची आणखी एक घडी घातली. मग म्हणाली, "सगळे विचारून गेले मला. टीव्हीवाले आले, ते पांढरे कपडेवाले आले. बाई, दोष कुणाचा ते सांगा म्हणतात."

"काय सांगितलंस?"

"माहीत नाही म्हणाले." तिने चादर ठेवली. "माहीत आहे मला. पण लहानपणापासून ज्याचा शेंबूड पुसला, त्याचं नाव लोकांच्या तोंडी कसं देऊ? तू जा तिकडे. मला नेऊ नकोस."

तो एकटाच गेला. मैदान भरलं होतं. त्याला पुढच्या रांगेत बसवलं, मग हाताला धरून माइकपाशी आणलं. इतक्या सभा त्याने जाहीर केल्या होत्या, पण सभेत बोलायची ही पहिलीच वेळ. त्याने साहेबांनी काय सांगितलं ते सांगितलं. लोक खवळले, घोषणा झाल्या, पुढाऱ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिथे थांबला असता तर कदाचित तरला असता. पण त्याला सगळं ओकून टाकायचं होतं. तो म्हणाला, "खोलीत साहेब एकटे नव्हते. हे, माझ्या पाठीवर हात ठेवून उभे आहेत ते, हेही होते. ह्यांनीही मान हलवली. आणि माझ्या बहिणीच्या दारात मी..."

आवाज कर्ण्यातून बाहेर पडतोय की नाही, हे भोंग्याला डोळे मिटूनही कळायचं. आता आवाज कर्ण्यापर्यंत पोचत नव्हता. कुणीतरी वायर काढली होती. तो तसाच बोलत राहिला, बहिणीच्या दारात काय म्हणालो ते सांगत राहिला. पहिल्या दोन रांगांनी ऐकलं असेल-नसेल. तेवढ्यात दुसऱ्या माइकवरून पुढारी म्हणाले, की बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, सरकारने गरिबाची काय दशा केली बघा. टाळ्या पडल्या. दोघा कार्यकर्त्यांनी त्याला काखेत धरून मागच्या बाजूने खाली उतरवलं.

दुसऱ्या दिवसापासून तो दोन्हीकडचा झाला. सत्तेवाले म्हणाले, विरोधकांनी शिकवून आणलेला साक्षीदार. विरोधक म्हणाले, सरकारने फोडलेला माणूस. चौकशी समिती बसली. तिने भोंग्याला बाकावर ताटकळत ठेवलं आणि शेवटी आत बोलावून, पिऊन होतास का, एवढंच विचारलं. ठपका आला तो असा, की ध्वनिक्षेपकचालकाने सूचनेचा विपर्यास केला. त्याचा परवाना रद्द झाला. निवडणूक झाली, सरकार बदललं, मान हलवणारे खुर्चीवर बसले. आता भोंग्याला वाटलं, निदान तो ठपका तरी पुसतील. त्यांनी समितीच्या शिफारशी तंतोतंत अमलात आणल्या. साहेबांना बढती मिळाली आणि आपत्तीची सगळी व्यवस्था त्यांच्याच हाताखाली आली. नव्या भिंतीचं भूमिपूजन झालं तेव्हा व्यासपीठावर दोन्ही पुढारी होते. वस्तीत आता खांबांवर भोंगे बसलेत, त्यातून कुठल्यातरी लांबच्या बाईचा गोड, छापील आवाज येतो.

भोंगा त्याच टेम्पोतून पाण्याचे जार पोचवतो. दुकानात तोंड उघडत नाही, बोटाने दाखवतो. एकदा दवाखान्यात त्याने नंबर कितवा आला एवढंच विचारलं आणि समोरची बाई वळून बघतच राहिली. तिने पोराला ओढून दुसऱ्या बाकावर नेलं. तेव्हापासून बाहेर बायकोच बोलते.

ताईला डोंगराकडेच्या नव्या चाळीत खोली मिळाली. त्या बाजूचे जार तोच नेतो. ती दार उघडते, कुठे ठेवायचा ते हाताने दाखवते, रिकामा जार पायाने पुढे सरकवते. बरेच दिवस असंच चाललं. मग एकदा उन्हातून तीन जिने चढून आल्यावर त्याला राहवलं नाही. जार खाली ठेवत तो म्हणाला, "ताई, जेवलीस का?"

तिने घाईने दार लोटून घेतलं, कडी नाही लावली, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "इथे सगळे वस्तीतलेच आहेत."