जागं ठेवणारी गोळी

माझी भाची मीना दवाखान्यात नर्स आहे. काल दुपारी आली आणि माझ्या गोधडीवर आडवी झाली. मी बघते तर डोळे टक्क उघडे, आणि हात स्वतःच्याच मांडीवर थोपटतोय, तान्ह्या बाळाला थोपटावं तसा.

"रात्रपाळीची गोळी आहे गं मावशी. डॉक्टरांनीच लिहून दिलीय, झोप येऊ नये म्हणून."

"आणि घरी आल्यावर?"

"तिला कुठं कळतंय घर!"

माझं तर डोकंच फिरलं. एका बाईवर दोघींचं काम टाकायचं, आणि तिचे डोळे मिटायला लागले की औषध तिलाच द्यायचं! अहो, आजारी कोण, ते तरी बघा. आणखी एक नर्स ठेवायचं कुणालाच कसं सुचत नाही?

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मीच उचलला. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "तिला आज लवकर पाठवा, माणसं कमी आहेत."

"झोपलीय ती."

"मग उठवा ना!"

"आमच्यात झोपलेल्या माणसाला उठवत नाहीत," म्हणून मी फोन ठेवून दिला.

मीनानं सगळं ऐकलं होतं. हसली, कुशीवर वळली. मी थोपटायला बसले, तेव्हा कुठं तिचा हात थांबला.