पंच न मारलेलं तिकीट

रत्नमालाताई पडघान यांना बर्लिनमध्ये विनातिकीट प्रवासी म्हणून धरलं, ही बातमी अनसिंगला आली तेव्हा थांब्यावरच्या हॉटेलात लोक आधी हसले. मग कोणीतरी म्हणालं, "रत्नाबाईले? होऊच शकत नाई," आणि हसणं थांबलं. त्या हॉटेलातल्या निम्म्या लोकांना रत्नमालाताईंनी कधी ना कधी तिकिटावरून गाडीतून खाली उतरवायची तंबी दिलेली होती.

वाशीम-पुसद गाडीवर त्या कंडक्टर होत्या. मी कॉलेजला त्यांच्याच गाडीनं जायचे, म्हणून सांगू शकते. सासर अनसिंगचं, माहेर आसेगावचं, वडील पुंजाजी दुसऱ्याच्या शेतात सालानं राबलेले. बाईमाणूस कंडक्टर झालेली पाहायला सुरुवातीला लोक मुद्दाम गाडीत चढायचे म्हणे. खाकी साडी, खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटाचा पंच. पुढे तिकिटाचं मशीन आलं, तरी पंच मारल्यासारखा अंगठा हलवायची त्यांची सवय काही गेली नाही. पुढाऱ्याचा भाचा असो की स्वतःचा चुलतदीर, सगळ्यांची तिकिटं झाल्याशिवाय त्या डबल बेल देत नसत.

पण लोकांना त्या आवडायच्या त्या दुसऱ्याच एका गोष्टीसाठी. नवखा माणूस त्यांना चेहऱ्यावरून कळायचा. खेड्यातली एखादी बाई पहिल्यांदाच वाशीमच्या दवाखान्यात निघालेली असली, की तिकीट देतादेताच रत्नमालाताई सुरू व्हायच्या. "स्टँडवर उतरू नको, लांब पडते. मी सांगीन तिथं उतर. चिठ्ठी सकाळीच काढा लागते, उशीर झाला तं उद्या या म्हणतात. अन् आटोत बसाच्या आधी भाव ठरव." हे त्यांच्या कामात बसत नव्हतं. त्यांच्या मते बसत होतं.

नवरा, धम्मपाल, काही वर्षांपूर्वी वारला. एकुलती एक मुलगी योगिनी पुण्यात इंजिनिअर झाली, पुढचं शिकायला बर्लिनला गेली आणि तिथंच नोकरीला लागली. ताई निवृत्त झाल्यावर तिनं आईला उन्हाळ्यासाठी बोलावून घेतलं.

निघण्याआधी सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. आयुष्यात अकोल्याच्या पुढे न गेलेली माणसं युरोपात कसं वागायचं ते सांगून गेली. साडी नेसू नका, हातानं जेवू नका, कोणाकडे पाहून हसू नका. योगिनीचे सल्ले फोनवर यायचे आणि ते निदान खरे होते. रस्ता ओलांडताना सिग्नलवर लाल माणूस दिसला तर गाडी नसली तरी थांबायचं. फुटपाथवर सायकलींचा पट्टा असतो, त्यावर उभं राहायचं नाही. रविवारी दुकानं बंद, भाजीपाला शनिवारीच आणून ठेवायचा. हॉटेलात पाणी विकत. संडासाला सुटी नाणी जवळ ठेवायची. गाडीत मोठ्यानं बोलायचं नाही. ताईंनी सगळं पाठ केलं. नियमाचं त्यांना वावडं कधीच नव्हतं.

तिथं पोचून आठवडा झाला असेल. शनिवार होता, योगिनी आईला जुन्या भिंतीचा राहिलेला तुकडा दाखवायला घेऊन निघाली. जमिनीखालचं स्टेशन. योगिनीचा महिन्याचा पास मोबाईलमध्ये. आईसाठी तिनं फलाटावरच्या मशीनमधून तिकीट काढलं. ताईंनी ते रुमालात गुंडाळून पर्समध्ये जपून ठेवलं. ना दरवाज्यावर अडवणारा कोणी, ना गाडीत कंडक्टर.

"मंग तिकीट पाहाते कोण?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. विश्वासावर चालतं इथं," योगिनी म्हणाली.

ताईंना ते फार आवडलं. आपल्याकडे असं व्हायला पाहिजे, असं त्या म्हणाल्यासुद्धा.

दोन स्टेशनं गेली. दारं लागली आणि समोर बसलेला जीन्समधला पोरगा आणि पाठीवर बॅग असलेली एक बाई उठून उभे राहिले. गळ्यात कार्ड अडकवलं आणि तिकिटं मागायला लागले. साध्या कपड्यातले चेकर. ताई मला म्हणाल्या, "खरं सांगू का, मले बरंच वाटलं. कोणीतरी आपल्या कामाचं भेटलं." त्यांनी रुमाल सोडून तिकीट ऐटीत पुढे केलं.

पोरानं ते उलटसुलट पाहिलं आणि योगिनीशी जर्मनमध्ये काहीतरी बोलला. योगिनीचा चेहरा उतरला.

"आई, ह्यावर छाप नाहीये."

"कायचा छाप?"

"फलाटावर खांबाला एक डबी असते. तिकीट त्यात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा असतो. तो नसेल तर तिकीट नसल्यासारखंच धरतात."

पुढच्या स्टेशनवर दोघींना खाली उतरवलं. लोक पाहत होते. कोणी थांबलं नाही, पण पाहिलं सगळ्यांनी, असं ताई सांगतात. पोरगा दंडाची पावती करायला लागला आणि ताई बोलायला लागल्या. वऱ्हाडीत, मधेच हिंदीत, आवाज वाशीम-पुसद गाडीतला.

"कोरं तिकीट दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरता येते, हे मले शिकवू नका. मी तिकिटं फाडूनच म्हातारी झाली. पण ज्यानं तिकीट देल्लं त्यानं पंच मारा लागते. घेणाऱ्यानं मारायचा असन, तं त्याले तसं सांगा लागते. मले सांगतलं कोणी?"

योगिनीनं यातला एक शब्दही भाषांतर करून सांगितला नाही. "आई, हळू बोल," एवढंच ती म्हणत राहिली, आणि त्या दोघांना "सॉरी, सॉरी". तिनं बँकेचं कार्ड काढलं, दंड भरला. भिंत पाहायची राहिली, दोघी घरी परतल्या.

घरी जे झालं ते ताईंना दंडापेक्षा जास्त लागलं. योगिनी म्हणाली, "नियम आहे, आई. तिकिटाच्या खाली लिहिलेलं असतं, शिक्का मारा म्हणून."

"कोणत्या भाषेत?"

"जर्मनमध्ये. खाली बारीक अक्षरात इंग्रजीतही आहे."

"तुले माहीत होतं?"

"मी आल्यापासून पासच वापरते. त्या डबीला मी कधी हातच लावला नाही. लक्षातच आलं नाही माझ्या."

"मंग तेच सांगाव ना त्यायले. मायले गाडीत आजच आणलं, सांगाचं मी भुलली, असं. सॉरी कायले म्हणत होती? माह्या वतीनं तू सॉरी म्हणलं. म्हंजे मी चोरी केली, हे तू कबूल करून आली."

"तिथं भांडून काही होत नाही, आई. हा अनसिंगचा थांबा नाही."

"अनसिंगच्या थांब्यावर मी नव्या माणसाले सांगितल्याबिगर उतरू देल्लं नाई कधी."

दोघी दोन दिवस कामापुरतं बोलल्या.

वाशीम डेपोतल्या निवृत्त कर्मचाऱ्यांचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप आहे. एरवी त्यावर गुड मॉर्निंगची फुलं, नाहीतर पेन्शनची रड. त्यावर ताईंनी बोलून संदेश पाठवायला सुरुवात केली. त्यांच्या गाडीचे जुने ड्रायव्हर भाऊसिंग यांच्याकडे ते सगळे अजून आहेत. मी त्यांच्या ओट्यावर बसून ऐकले. पहिला साधारण असा होता.

"भाऊसिंग, मी बर्लिनहून बोलून राह्यली. ज्याचं पोरगंपोरगी इकडं असन त्यानं कान देऊन ऐका. तिकीट काढलं म्हंजे झालं नाई. खांबाले डबी असते, तिच्यात तिकीट घाला, कट्ट आवाज येते, मंग गाडीत बसा. चेकर वर्दीत नसते. तुमच्या बाजूले बसून कानात गाणे आयकत असते, अन् दार लागलं का उभा होते. काहून बा, तुमाले वर्दीची लाज वाटते का? आमी खाकी घालून उन्हातान्हात उभे राह्यलो. मानूस दुरून पाहे अन् म्हने, थे पाहा कंडक्टरबाई, तिले विचारा. इथं विचाराव कोनाले? फलाटावरच्या मशीनले? अन् आयका, इथं लिफ्टमधी शून्य म्हंजे खालचा मजला. मी एक दाबून दुसऱ्याच्या दारी जाऊन उभी राह्यली. सरकत्या जिन्यावर उजव्या अंगाले उभं राहा, डावीकून घाईवाले जातात, खेकसतात. पान्याची बाटली रिकामी झाली तं फेकू नका, दुकानात मशीन असते, बाटली टाकली का पैसे वापस देते. हे मले कोनी सांगतलं नाई. एक म्हातारा बाटल्या येचून राह्यला होता, त्याच्या पाठीमागं जाऊन मी पाह्यलं."

भाऊसिंगांनी उत्तर दिलं होतं, "मॅडम, तुमी तिथं बी आपली कंडक्टरची लाईन सोडली नाई."

"लाईन सोडली असती तं दंड एवढा जिवाले लागला नसता." हे त्यावरचं उत्तर. आवाजात हसू नाही.

योगिनी ऑफिसला गेली की ताई त्याच स्टेशनवर जायला लागल्या. स्वतःचं तिकीट काढायच्या, छाप मारायच्या आणि गाडीत न बसता खांबापाशी उभ्या राहायच्या. मोठ्या बॅगा, नकाशा धरलेला मोबाईल, आणि वर टांगलेल्या पाट्यांकडे पाहणारे डोळे. नवखा माणूस तिथंही चेहऱ्यावरूनच कळायचा. त्या पुढे व्हायच्या, आपलं तिकीट दाखवायच्या, डबीकडे बोट करायच्या. काहीजण दोन्ही हात जोडायचे. काहीजण भिकारीण समजून बॅग छातीशी धरून लांब सरकायचे. एका गोऱ्या बाईनं त्यांच्या हातावर नाणं ठेवलं. ते त्यांनी तिच्या मागे धावत जाऊन परत केलं.

योगिनीला हे कळलं तेव्हा ती चिडली. लोक काय म्हणतील, कोणी तक्रार केली तर, व्हिसा खराब होईल. ताई म्हणाल्या, "तुले लाज वाटत असन तं माह्यासंगं येऊ नको."

एका रविवारी मात्र दोघी बरोबर निघाल्या, राहून गेलेली भिंत पाहायला. गाडीत समोर एक बाई बसली होती, मांडीवर लहान मूल, पायाशी दोन मोठ्या बॅगा. कुठल्या देशाची होती ते ताईंना कळलं नाही. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल होता एवढं आठवतं. दारं लागली आणि कार्ड गळ्यात आलं. या वेळी एकच चेकर, उंच, वयानं मोठा. बाईनं हसून तिकीट पुढे केलं. कोरं.

चेकरनं तिला पुढच्या स्टेशनवर उतरायला सांगितलं. तिला काहीच कळेना. ती पुन्हा पुन्हा तेच तिकीट दाखवत होती. ताई उठल्या आणि तिची एक बॅग उचलून तिच्याबरोबर फलाटावर उतरल्या. मागे योगिनीला उतरावंच लागलं.

"याले सांग," ताई मुलीला म्हणाल्या, "या बाईनं तिकीट घेतलं, पैसे देल्ले. चोराच्या हातात तिकीट नसते. हे लेकरू घेऊन बसली, तिले डबी दिसली नाई."

ताईंना वाटलं, आता पुन्हा सॉरी. पण योगिनीनं त्या बाईकडे पाहिलं, मग जर्मनमध्ये बोलायला लागली. ताईंचं एक वाक्य सांगायची, मग थांबायची, मग पुढचं. आई थांबली की "अजून काय?" म्हणायची. तिचा स्वतःचा आवाजही चढत गेला.

चेकरनं शांतपणे ऐकून घेतलं. नियम मी करत नाही, तो म्हणाला. तिकिटावर लिहिलेलं आहे.

"म्हण त्याले," ताई म्हणाल्या, "मी बी करत नव्हती. पण मी सांगत होती. गाडी चुकली तं चालन, पण नवा मानूस चुकू नाई, हे बी कंडक्टरचंच काम असते."

हेही योगिनीनं सांगितलं. चेकर म्हणाला की त्याची पाळी संपायला अजून वेळ आहे, इथं थांबून चालणार नाही. त्यानं दंडाची पावती केली. बाईच्या डोळ्यांत पाणी होतं, मूल रडत होतं. योगिनीनं त्या बाईच्या मोबाईलवर तक्रारीचा पत्ता टाकून दिला आणि खुणा करकरून समजावला. काही झालं का त्याचं, ते कोणाला माहीत नाही. भिंत त्या दिवशी पाहून झाली. ताईंना ती बुटकी वाटली.

योगिनीनं नंतर त्यांच्या स्वतःच्या दंडाबद्दलही तक्रार केली. उत्तर फार सभ्य आलं. खेद आहे, दंड कायम आहे. ताईंनी ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "पुन्हा लिही." योगिनीनं पुन्हा लिहिलं. तेच उत्तर आलं.

आता त्या अनसिंगला परत आल्यात. मागच्या महिन्यात किन्हीराजाचे गोविंदा आणि सोजरबाई त्यांच्याकडे आले होते. त्यांचा मुलगा शिवम बर्लिनलाच शिकतो, दोघं त्याला भेटायला चाललेत. मीही बसले होते. ताईंनी चहा ठेवला आणि डबीपासून सुरुवात केली. सोजरबाई ऐकता ऐकता घाबरल्या, तर ताई म्हणाल्या, घाबरायचं काही नाही, चिडायचं आहे. बराच वेळ झाल्यावर गोविंदांनी भीत भीत विचारलं, "बाई, तिथं पाहासारखं काय हाय?"

"ते पोरगं दाखवन तुमाले," रत्नमालाताई म्हणाल्या. "पोराले जे माहीत नाई, ते मी सांगून राह्यली."