मेणात राहिलेली वार

हे लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, आपण कोण लागून गेलो? आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. केसपेपरवर लागतं तेवढंच आजवर लिहिलेलं. त्यात हे दुःख माझं नाही. एका बाईचं आहे, तिच्या आईचं आहे, आणि मी पुरुष आहे. तिला विचारून लिहितो आहे असंही नाही. विचारायचं धैर्य झालं नाही. म्हणून आधीच क्षमा मागतो. नाव कोणाचंच लिहिणार नाही. तिचं पहिलं बाळ गेलं तेव्हा त्याची वार माझ्या अभ्यासासाठी माझ्याकडे राहिली. पुढे तिचं दुसरं बाळ तरी जगेल ना, ही भीती माझ्या मानगुटीवर बसली, ती फार दिवस उतरली नाही. एवढीच गोष्ट आहे.

माझं गाव चांदूर रेल्वेजवळ. एमबीबीएस झाल्यावर मला स्त्रीरोग आणि प्रसूतीच्या एम.एस.ला अकोल्यात जागा मिळाली. गावात पेढे वाटले तेव्हा शेजारचे काका पेढा तोंडात ठेवूनच म्हणाले, "बायकाइचा डॉक्टर होऊन राह्यला काय बे? दुसरं काही उरलंच नव्हतं?"

बाबा म्हणाले, "होऊ दे ना. तुले काय माणसानं जनम देल्ला होता?"

नुसती बाळंतपणं करून एम.एस. होता येत नाही. तीन वर्षांत एक प्रबंध लिहावा लागतो, थिसिस. तो मंजूर झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. विषय बहुतेक वेळा गाइडच देतात. माझ्या गाइड मॅडम मूळच्या अमरावतीच्या, वकिलांच्या घरातल्या. प्रत्येक वाक्यापुढे पुरावा मागायची सवय त्यांना बहुधा घरातूनच लागली असावी. मी एकदा म्हणालो, "मॅडम, मला वाटतं..." तर म्हणाल्या, "वाटणं घरी. इथं दिसलं काय ते सांग."

त्यांनी मला विषय दिला तो वारेचा. गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढतं, त्यांची वार कशी असते, आणि बाळ खुरटतं किंवा दगावतं तेव्हा तिच्यात काय बिघडलेलं असतं. वार म्हणजे आईच्या पोटात बाळाला पोसणारा गोळा, बाळानंतर पडतो. आजवर मी ती फक्त पूर्ण पडली की नाही एवढं पाहून बादलीत टाकत आलो होतो. आता ती धुवायची, वजन करायचं, मोजायची, सुरीने पावासारखे काप करायचे आणि फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवायचे. मग पॅथॉलॉजीवाले त्यातले लहान तुकडे घेऊन मेणात बसवत आणि त्यांचे पातळ काप काचेवर घेऊन पाहत.

ती बाई वॉर्डात आली ती आठव्या महिन्यात. पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं. सासर अकोल्याजवळच्या एका खेड्यात, माहेर अचलपूरकडचं. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी जायची तयारी झाली होती, बॅगही भरली होती, पण बीपी वाढलं आणि सासरच्यांनी थेट दवाखान्यात आणलं. बाळाचे ठोके तेव्हा चांगले होते.

मी संमतीचा कागद घेऊन गेलो. ती बारावीपर्यंत शिकलेली होती. बहुतेक जणी कुठं सही करू एवढंच विचारत. हिने सगळं वाचलं. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "या अभ्यासाचा मला थेट फायदा होणार नाही, असं लिहिलंय इथं. मग कोणाला होईल?"

मी म्हणालो, "तुमच्यानंतर येईल तिला. पुढच्या बाईला."

"आणि पुढची बाई मीच असली तर?"

ती हसली, तिचा नवराही हसला, मीही. मग तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठोके मिळेनासे झाले. मी मशीन पोटावर ठेवून जागा बदलत राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं. मॅडम आल्या, सोनोग्राफी झाली, मग कळा याव्यात म्हणून औषध सुरू केलं. मुलगा झाला. नाकीडोळी नीट, जणू झोपलेला. नवऱ्याने त्याला टॉवेलात गुंडाळून उराशी धरलं आणि जिन्याने खाली उतरला. त्यांच्या गावात नाल्याकाठी पुरलं असं नंतर समजलं. तिची आई अचलपूरहून एसटीने येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

वार माझ्याकडे आली. लहान होती, कडेला कडक पांढरे डाग होते. असे डाग म्हणजे तिथला रक्तपुरवठा आधीच बंद पडलेला. मी वजन केलं, सुरी चालवली, बरणीवर केस नंबर चिकटवला. हात ठरल्याप्रमाणे काम करत होते.

बरण्या वॉर्डाच्या मागच्या एका लहान खोलीत फळीवर ठेवत असू. पश्चिमेला खिडकी होती. अकोल्याचं ऊन पडदा मानत नाही. दुपारनंतर ते थेट बरण्यांवर यायचं आणि आतलं सगळं तांबूस दिसायचं. मी तिथेच टेबलावर बसून तक्ते भरत असे. हिच्यानंतर मला त्या फळीकडे पाठ करून बसवेना. खुर्ची फिरवून घेतली. तरी लिहिता लिहिता वर पाहायचो, आणि नजर बरोबर त्याच बरणीवर जायची. पुढची बाई मीच असली तर, हे तिच्याच आवाजात ऐकू यायचं. आवाजात हसू होतं, त्याचीच भीती वाटायची.

अशात दोन दिवस गावी गेलो. आई न्हाणीपाशी भांडी घासत होती. मी थिसिसचा विषय तिला कधी सांगितला नव्हता. त्या दिवशी सांगितला. तिचा हात थांबला.

"वार ठेवून घेता तुमी? कायच्यात?"

"औषधात. बरणीत."

तिने न्हाणीतून पाणी वाहून जातं तिथली ओली जागा दाखवली. "तुही वार इथं हाय, बाबू. आजीनं पुरली होती. वार गार राह्यली पाह्यजे. ती तापली का बाईची कूस वाळते. मंग पुढचं टिकत नाही."

"असं काही नसतं आई."

"नसन," ती म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली. "तू शिकेल हायेस."

अकोल्याला परतलो तेव्हा ऊन कलत होतं. खोलीत गेलो आणि ती बरणी उचलून खालच्या कप्प्यात, भिंतीच्या सावलीला ठेवली. का, ते स्वतःलाही सांगितलं नाही. माझ्या बरोबरची नागपूरची रेसिडेंट दारात उभी होती.

"काय रे, सावलीत कशाला? लोणचं मुरवतो आहेस का?"

"लेबलाची शाई उडते उन्हानं," मी म्हणालो.

"मग बाकीच्यांची नाही उडत?"

मी तक्ता उघडून बसलो. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर खिडकीला आतून जुनी चादर बांधलेली होती. कोणी बांधली ते मी विचारलं नाही.

काही आठवड्यांनी ओपीडीबाहेर एक बाई माझी वाट पाहत बसलेल्या दिसल्या. नऊवारी, हातात स्टीलचा डबा. म्हणाल्या, "मी तिची माय. तिची वार न्याले आली." लेक माहेरी आहे, बोलत नाही, दवाखान्याचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करते, एवढं सांगून म्हणाल्या, "पोरगं एकलं गेलं, बापू. वार त्याची सोबतीण. ती त्याच्यासंग नाही गेली. आता पोरीचं पुढचं कसं टिकन?"

मी मॅडमकडे गेलो. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकून चष्मा काढला.

"रिपोर्ट झाला?"

"झाला, मॅडम."

"मग उरलेलं आपल्याला कशाला हवं? त्यांच्याकडून अर्ज घे, पॅथॉलॉजीत मी बोलते. मेणातले ब्लॉक मात्र मिळणार नाहीत, ते रेकॉर्ड असतं." मी निघालो तेव्हा म्हणाल्या, "आणि एकदम हातात ठेवू नकोस. कसं दिसेल ते आधी सांग त्यांना."

त्या दिवशी दुपारी मी ते तुकडे पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले. वास जात नव्हता. मग तिच्या आईला आत बोलावलं, म्हणालो, "मावशी, हे कापेल हाय. रंगबी बदलला."

"दाखवा."

त्या वाकून पाहत राहिल्या. मला वाटलं रडतील. त्यांनी विचारलं, "सगळं हाय ना यात?"

हो म्हणणं सोपं होतं. त्यांना कुठून कळणार होतं? पण माझ्या तोंडून ते निघेना.

"नाही, मावशी. थोडे तुकडे मेणात बसवले हायत. नखाएवढे. ते इथंच राह्यतात, मले देता येत नाही."

"म्हंजे थोडं मातीत, थोडं तुमच्यापाशी."

"हो."

त्यांनी डब्यात पांढरं फडकं अंथरलं, एकेक काप स्वतः उचलून ठेवला. झाकण लावलं. मी डॉक्टर म्हणून सांगायचं ते सांगितलं: दिवस राहिले की लगेच दाखवा, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास एक छोटी गोळी सुरू करावी लागेल, बीपी सारखं तपासत राहा. माझा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. त्यांनी ऐकून घेतलं.

"ते समदं करू. पण टिकन ना, ते सांगा."

"टिकाले पाह्यजे," मी म्हणालो. याहून मोठं काही म्हणायचा मला अधिकार नव्हता.

दाराशी थांबून त्या म्हणाल्या, "तुमच्यापाशी राह्यलं तेवढं सांभाळा मंग. उन्हात नोका ठेऊ."

मेणाचे ब्लॉक पॅथॉलॉजीच्या तळघरात लोखंडी कपाटात असतात. तिथे ऊन येण्याचा प्रश्नच नाही. तरी मी जात राहिलो. कधी स्लाइड पाहायच्या निमित्ताने, कधी नंबर पडताळायला. खण ओढायचा, ते लहान चौकोन जागेवर आहेत एवढं पाहायचं. एकदा खणात दिसेनात. मी शेजारचे सगळे खण ओढून पाहिले. तंत्रज्ञांनी दुसऱ्या ट्रेमधून काढून दिले, म्हणाले, "डॉक्टर, तुमचं काय सोनं ठेवलंय यात?"

शिकलेल्या माणसाने असं वागू नये हे मला कळत होतं. न्हाणीची ओली माती आणि बाईची कूस यांचा काही संबंध नाही हेही मला माहीत होतं, माझ्याच प्रबंधात तसा एकही पुरावा नव्हता. पण मला ज्याची भीती वाटायची ती कूस वाळण्याची नव्हती. एका घराने आपल्या मेलेल्या लेकराचा तुकडा माझ्या भरवशावर ठेवला होता, आणि त्या घराची लेक आता कशी आहे हे मला माहीत नव्हतं. मावशींच्या अर्जावरच्या नंबरवर फोन केला तर बंद. महिन्याने केला, बंदच. दुसऱ्या वेळचंही गेलं असेल, म्हणून तर फोन नाही, असं माझ्या मनाने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

प्रबंध मंजूर झाला. त्यात ती एका तक्त्यातली ओळ आहे. परीक्षा झाली, पास झालो, बाबा पहिल्यांदा अकोल्याला आले आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर चपला काढून उभे राहिले. मग बाँडच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी, नोकरीसाठी मी अमरावतीला आलो. इथे अचलपूर-परतवाड्याकडच्या अवघड केसेस येतात. अँब्युलन्समधून स्ट्रेचर उतरलं आणि कागदावर 'बीपी, आधीचं मूल दगावलेलं' असं दिसलं की मी बीपी मोजायच्या आधी चेहरा पाहायचो. ती नसायची. सुटल्यासारखं वाटायचं, आणि लगेच वाटायचं, मग ती कुठे आहे?

परवा ओपीडी चालू असताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"डॉक्टर बापू काय? मी अचलपूरहून बोलून राह्यली. माह्या नंदेच्या पोरीले अमरावतीले पाठवून राह्यले. खाट भेटन काय तिथं?"

आवाज ओळखला. खाटेचं काय बोललो ते आठवत नाही. पाठवा, मी पाहतो, असं काहीतरी म्हणालो असेन. मग विचारलं, "मावशी, तुमची लेक कशी हाय?"

"बरी हाय ना."

"पुन्हा दिवस..."

"म्हंजे तुमाले माहीतच नाही?" त्या खरंच चकित झाल्या. "मले वाटलं तुमाले दवाखान्यातून समजलं असन. तुमाले तं सगळं समजते. माहा मोबाइल विहिरीत पडला, मंग फोन राहूनच गेला. पोरगी झाली तिले. परतवाड्याच्या डॉक्टरीणबाईनं गोळी चालू केली होती, तुमी सांगतली तीच. जराशी लवकर झाली, हलकी होती, काचेच्या पेटीत ठेवली होती आठ-दहा रोज. पण रडली, बापू. निघाल्या निघाल्या रडली."

पुढची पेशंट दाराशी येऊन उभी होती. मी तिला हाताने थांबवलं.

"कवा झाली, मावशी?"

"बापा! लय दिवस झाले त्याले," त्या म्हणाल्या. "दात येऊन राह्यले आता तिले."