पाणी चावतंय का?

आगरदांड्यात पाण्याचा स्वभाव ओळखणारा माणूस एकच, तो म्हणजे आमचे शेजारचे चाचा. निदान चाचांचं तरी तसं ठाम मत आहे. उमेदीची वर्षं त्यांनी कतारमध्ये गाडी चालवून काढली आणि परतल्यावर परसात, माडांच्या सावलीत, गरम पाण्याचा टब बसवून घेतला. गावाने त्याचं नाव 'चाचांची कढई' ठेवलं. पण टब स्वतःसाठी नव्हताच. त्यांची मुलगी दोह्याला असते, तिचा लहानगा सुट्टीत आला की त्यात डुंबेल, म्हणून. तो आला, उतरला आणि लाल डोळे चोळत बाहेर पळाला. "नाना, पानी चावतंय." चाचांनी क्लोरीन विहिरीच्या हिशेबाने ओतलं होतं.

तेव्हापासून त्यांनी ध्यासच घेतला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यातून विषय रसायनशास्त्र. त्यामुळे सकाळी कुंपणावरून हाक येते, "सायंटिस्ट, जरा इकडं ये." काम एवढंच, की कागदी पट्टी पाण्यात बुडवायची आणि तिचा रंग डबीवरच्या रंगांशी जुळवायचा. पण चाचा ती पट्टी ईदचा चांद शोधावा तशी आभाळाकडे धरतात. मी चाचरत म्हणतो, "बहुतेक बरोबर आहे."

"बहुतेक? परीक्षेत पन असंच लिवतोस काय?"

एकदा टबवाल्याने फोनवर सांगितलं, पाणी जरा आम्लाकडे न्यायला हवं, पावडर पाठवतो. पावडरीची वाट कोण बघणार? आंबटच करायचं ना, म्हणून चाचांनी बरणीभर आमसुलं टबात सोडली. संध्याकाळी कढईत लालभडक सरबत. चाची मागच्या दारातून म्हणाल्या, "आता मीठ नि जिरं पन घाला. मोहल्ल्याला मी बोलावते." सगळं पाणी उपसून पुन्हा भरावं लागलं.

आता पाणी इतकं नितळ असतं की माडाच्या झावळ्या त्यात मोजाव्यात. चाचा स्वतः कधी उतरत नाहीत. कोपरापर्यंत हात बुडवून थोडा वेळ थांबतात, मग मलाही बुडवायला लावतात. "चावतंय का?"

"नाही, चाचा."

काल रात्री मुलीचा फोन आला, रजा याही वर्षी मिळाली नाही. आज हाक येणार नाही असं मला वाटलं होतं, पण आली. पट्टीचा रंग अगदी तंतोतंत जुळला. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "कोणी उतरतच नाही, मग पाणी बिघडणार कसं, चाचा?"

त्यांनी हात बाहेर काढला, लुंगीला पुसला आणि टबावर हळूच झाकण ओढलं.

"तेच तर," ते म्हणाले. "एकदा बिघडू दे की रे."