वाजणारं पोटॅश

कऱ्हाटीच्या सिद्धू मारकडनं आजवर बरंच काय काय विकलं. पणदऱ्याच्या गोठ्यांतून दूध काढायची मशिनं विकली, बारामतीच्या सोनारांना कॅमेरे विकले, लग्नाच्या हॉलवाल्यांना धातू हुडकणाऱ्या चौकटी विकल्या. तोंड चालू, गाडी चालू, आणि नकार ऐकून घेताना चेहरा जागचा हलायचा नाही. आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. उन्हापावसात दिवसभर एकाच रानात उभं राहायची सवय रक्तातच आलेली. गिऱ्हाइकाच्या दारात तीच कामाला यायची.

पण पुण्याच्या कंपनीनं त्याच्या हातात जे नवीन मशिन दिलं, त्यानं सिद्धूलासुद्धा घाम फोडला. मशिन होतं किरणोत्सर्ग हुडकणारं. विटेएवढं, वर मूठ, पुढं छोटा पडदा. आत एक स्फटिक. किरण त्यावर आपटला की बारीक ठिणगी उडते, मशिन त्या ठिणग्या मोजतं आणि मोजमाप हद्दीबाहेर गेलं की बोंब मारतं. विमानतळं, बंदरं असली मोठी गिऱ्हाइकं कंपनीतल्या टायवाल्या साहेबांकडं. सिद्धूच्या वाटणीला बारामती आणि इंदापूर तालुक्यातली भंगाराची गोदामं आली.

भंगाराला हे कशाला, असं कुणालाही वाटेल. पण कुठल्या तरी बंद पडलेल्या कारखान्यातली, कुठल्या तरी यंत्रातली एखादी किरणांची डबी भंगारात येते. दिसायला साधा लोखंडाचा ठोकळा. ती भट्टीत वितळली तर सगळं पोलाद वाया आणि भट्टीला टाळं. म्हणून आता भट्टीवाल्यांनी फाटकातच किरण हुडकणारे खांब रोवलेत. ट्रक मधनं जाताना खांब बोंबलले की ट्रक माघारी. भंगारवाल्याला वाटतं, आपल्याच गोदामात आधी तपासून घ्यावं. एवढ्या एका वाटण्यावर सिद्धूचा धंदा उभा होता.

इंदापूरचे महंमदभाई हे त्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. दाढी पांढरी, खिशात कायम चुंबक. कुठलाही तुकडा हातात आला की आधी चुंबक लावणार, मग बोलणार. त्यांनी मशिन हातात घेतलं, उलटं केलं, कानाला लावलं.

"वाजवून दाखव."

"भाई, तुमच्या मालात काय नसलं तर कशाला वाजंल? न वाजणं हीच चांगली गोष्ट हाय."

"म्हंजे मी एवढं महागाचं मशिन घ्यायचं, आणि ते गप बसलं म्हणून खूश व्हायचं? गप बसणारा तर माजा जावई बी हाय. त्याला मी फुकट सांभाळतो."

दुधाचं मशिन कुठल्याही म्हशीला लावून दाखवता येतं. हे कशाला लावणार? खरी किरणांची डबी परवान्याशिवाय खिशात घालून फिरता येत नाही. तेव्हा सिद्धूला ट्रेनिंगमधली एक गोष्ट आठवली. साहेब म्हणाले होते, पोटॅश खताच्या पोत्याला लावलं तर हे मशिन थोडं वाजतं. पोटॅशमध्ये जमिनीतूनच आलेले जरासे किरण असतात, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

आणि पोटॅशचं दुकान तर घरातच होतं. सिद्धूची थोरली बहीण संजीवनी निमगाव केतकीला दिलेली. तिचे मालक दादासाहेब यांचं तिथं खताचं दुकान. डाळिंबाचा बहार धरायचे दिवस, गोदाम पोटॅशनं छतापर्यंत भरलेलं. सिद्धूनं महंमदभाईंना बाजाराच्या दिवशी तिथं बोलावलं. दाजींना विचारायचं तेवढं राहून गेलं.

बाजाराच्या दिवशी दुकानापुढं पोतं ठेवलं. मशिन जवळ नेलं. मशिन टिकटिकलं, मग टिकटिक दाट झाली, मग जे किंचाळलं ते पार भाजीच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. माणसं गोळा झाली. आता समोर गर्दी दिसल्यावर सिद्धू गप बसतोय होय. भंगारवाल्यांसाठी पाठ केलेलं सगळं त्यानं तिथं ओतलं.

"किरण दिसत न्हाय. किरणाला वास न्हाय, रंग न्हाय. शेजारी बसला तरी तुमाला कळत न्हाय. कळतं फकस्त या मशिनला."

महंमदभाई खूश झाले. "वाजतं तर खरं. पुढच्या बाजारी गाडी घिऊन येतो, तवा बघू," म्हणून गेले. सिद्धूनं मिशीवरनं हात फिरवला.

प्रयागबाई नावाची एक बाई दोन पोती पोटॅश न्यायला आली होती. तीन एकर डाळिंब स्वतः बघणारी, बोलायला कुणाच्या बापाला न भिणारी. तिनं पोत्यावरचा हात काढला आणि पदराला पुसला.

"दादासाब, ऱ्हाऊ द्या मला."

"का वं?"

"पोत्यात किरण हाय म्हणं."

मागची एक म्हातारी म्हणाली, "कुणाचा किरण? त्यो तर बारामतीला कामाला हाय की."

लोक हसले, पण पोटॅशला हात कुणी लावला नाही. दिवस मावळायच्या आत बातमी वरकुट्यापर्यंत पोचली. तिथं पोचेस्तवर तिला शिंगं फुटली होती. दादासाहेबांच्या खतात बॉम्बचा मसाला निघाला, सरकारी माणूस मशिन घेऊन आला होता, दुकानाला सील लागणार. दोघांनी आधी नेलेली पोती परत आणून टाकली. एकानं तर पैसेही मागितले नाहीत, नुसतं पोतं टाकून हात धुऊन गेला.

दादासाहेब तसे शांत माणूस. रागावले की आवाज आणखीनच खाली यायचा आणि मेव्हण्याला मान मिळायला लागायचा.

"या मेव्हणं, बसा. तुमच्या कृपेनं बसायला आता जागाच जागा हाय. गिऱ्हाईक न्हाय कुणी."

"दाजी, त्यात तसं काय न्हाय वो. साधी गोष्ट हाय."

"साधी हाय ना? मग तुमीच मिटवा. पुढच्या बाजारापातुर मिटवा. न्हाय मिटली तर या उंबऱ्यावर यायचं न्हाय. भाऊबीज पोस्टानं करा."

आत संजीवनी चहा गाळत होती. तिनं कप आणून सिद्धूपुढं आदळला. "मशिनला अक्कल हाय म्हणतोस, जरा तुला बी बसवून घे की. इकून इकून बहिणीचं दुकान इकलंस." मालकाच्या बाजूनं बोलावं तर भाऊ, भावाच्या बाजूनं बोलावं तर दुकान. त्यामुळं तिनं राग कपावर काढला.

सिद्धू कामाला लागला. आठवडाभर निमगावच्या मळ्यामळ्यातून फिरला. पोटॅश जमिनीतनंच निघतं, जमिनीत बी किरण असत्यात, दगडात असत्यात, आबाळातनं बी पडत्यात, असं सांगत सुटला. त्यानं फायदा एवढाच झाला, की काही लोक आभाळाकडंसुद्धा संशयानं बघायला लागले.

शेवटी प्रयागबाईच्या बागेत बसून त्यानं घरची गोष्ट काढली. "मावशी, आमच्या आज्याचं कुत्रं लांडग्यावर भुकायचं, तसं पावण्यावर बी भुकायचं. भुकलं म्हणून काय पावणा चोर झाला?"

"तुज्या आज्यानं असलं कुत्रं पाळलंच कशाला?"

"आता काय सांगावं."

"मी सांगते. तुजं मशिन वाजलं. आता एक तर मशिन खोटं, न्हायतर तुज्या दाजीचं खत खोटं. काय ते ठरव, मग ये."

बाईनं नेमकं दुखतं तिथंच बोट ठेवलं होतं. मशिन खोटं म्हणावं तर महंमदभाई हातचे जातात. खत खोटं म्हणावं तर बहिणीचं दार बंद. दोन्ही खरं म्हणावं तर कुणी ऐकून घ्यायला तयार नाही.

बाजाराचा दिवस उजाडला. दादासाहेब गल्ल्यावर बसलेले, पोटॅशची थप्पी तशीच. लोक दुकानापुढनं जात होते, पण बाहेर काढलेल्या पोत्याला वळसा घालून. सिद्धू मशिन घेऊन पायरीवर उभा. महंमदभाई ठरल्याप्रमाणं आले. भट्टीला निघालेला भंगाराचा ट्रक रस्त्याच्या कडेला लावून, चुंबक बोटात फिरवत.

"वाजव परत एकदा," ते म्हणाले.

वाजवलं. गर्दीनं दोन पावलं मागं घेतली. सिद्धूसुद्धा दोन पावलं मागं सरला आणि मशिन गप झालं. "बघा," तो म्हणाला. "जवळ गेल्यावर वाजतं, मागं सरल्यावर गप. खरी डबी असती तर हितं रस्त्यावरनं बोंबललं असतं." पण लोक आधीच मागं सरलेले, त्यांना तो फरक कशाला कळतोय.

महंमदभाईंचं डोकं मात्र वेगळीकडंच चालू होतं. भंगाराच्या धंद्यात माणूस सारखा एकच विचार करतो, जे दाखवतायत तेच आहे का. त्यांनी पोत्याला चुंबक लावून बघितला. चिकटला नाही.

"काय रं सिद्धू, ह्याच्यात मीठ भरलेलं असतं, तरी वाजलं असतं का?"

"मिठाला कशाला वाजंल, भाई? किरण पोटॅशमधी असत्यात. मिठात न्हाईत."

भाई नुसतं "असं व्हय" म्हणाले. त्यांचा विषय संपला. पण गर्दीतून प्रयागबाई पुढं आली. दोन वर्षांपूर्वी एका परगावच्या टेम्पोवाल्यानं स्वस्तातलं पोटॅश म्हणून तिला लाल रंग दिलेलं मीठ विकलं होतं. डाळिंबाची पानं कडांनी करपून गेली आणि टेम्पोवाला पुन्हा दिसला नाही. ती जखम बाईच्या मनात ओलीच होती.

"काय म्हणलास? मिठाला वाजत न्हाय?"

"न्हाय."

ती तशीच बाजारात गेली आणि खडेमिठाची पिशवी घेऊन आली. पायरीवर ठेवली. "लाव."

सिद्धूनं लावलं. मशिन आपलं सावकाश टिकटिकत राहिलं, जसं रिकाम्या पायरीवर टिकटिकतं तसं. बाईनं मीठ बाजूला सारलं आणि पोटॅशकडं बोट केलं. मशिन किंचाळलं.

"पुन्यांदा मिठाला."

गप.

"पोटॅशला."

बोंब.

बाईच्या तोंडावर हळूहळू जे उजाडलं ते सिद्धूला दिसलं, आणि त्याला वाटलं आपण आता तोंड उघडून माती खाऊ नये. तो गप राहिला. असं गप राहणं त्याला जन्मात पहिल्यांदा जमलं असावं.

"म्हंजे वाजतंय ते अस्सल," प्रयागबाई म्हणाली. "आन् किरणाचं काय? अंगाला काय व्हतंय का?"

"मावशी, पोतं उशाला घिऊन निजलात तरी काय व्हायचं न्हाय. पाठ तेवढी दुखंल."

"मग असू दे किरण. न्हायतर किरणचा बाप असू दे. मीठ न्हाय ना, झालं. दादासाब, दोन पोती काढा. पण मी दावीन ती."

आता घाम फुटायची पाळी दादासाहेबांची. माल खरा होता, बिलं कंपनीची होती, पण थप्पीतल्या प्रत्येक पोत्याच्या पोटात कोण शिरून आलंय? बाईनं वरची पोती सोडली आणि तळातली, पार भिंतीकडची दाखवली. हमालानं ओढून काढली. दादासाहेब मेव्हण्याच्या कानाला लागले. "वाजंल का रं?" मान द्यायचं ते पार विसरले.

"वाजाया पायजे," सिद्धू म्हणाला. एक पोतं गप बसलं की दुकान कायमचं बसणार होतं.

पहिलं वाजलं. दुसरं वाजलं. दादासाहेबांनी टोपी काढून त्याच टोपीनं मान पुसली. बाईचं अजून भागलं नव्हतं. तिनं सिद्धूच्या हाताला धरून मशिन शेजारच्या थप्पीला लावलं. ते गपच.

"हे बगा. हे बनावट निघालं."

"मावशी, त्यो युरिया हाय."

"मग त्यो का न्हाय वाजत?"

"त्याला वाजायचं न्हाय."

"अस्सं," असं म्हणून बाईनं युरियाकडं जरा नाराजीनंच बघितलं.

प्रयागबाईची पोती टेम्पोत चढली आणि लोक पायरीवर आले. ज्यांनी पोती परत आणून टाकली होती ते दोघं सगळ्यात पुढं. प्रत्येकाला आपलं पोतं वाजवून हवं. एकाचं जरा हळू वाजलं, तर त्यानं ते बदलून मोठ्यानं वाजणारं मागितलं. हे मशिन त्यासाठी बनवलेलं नाही, असं सिद्धू एकदा म्हणाला. दाजींनी त्याच्या पायावर पाय दिला, म्हणून दुसऱ्यांदा म्हणाला नाही.

तासाभरानं महंमदभाईंनी हाक मारली. "सिद्धू, माजी गाडी उन्हात उभी हाय. तिला लावतोस का मी जाऊ?"

सिद्धूनं मशिन घेतलं आणि ट्रकला हळूहळू फेरी मारली. पुढनं, चाकांवरनं, मागच्या फाळक्याला टेकवून. टिकटिक, टिकटिक, बास. महंमदभाई कान देऊन ऐकत होते. त्यांच्या खांद्यावरनं ओझं उतरल्यासारखं दिसलं. ट्रक आता माघारी यायचा नव्हता.

दुकानाच्या पायरीवर जमलेले लोक मात्र हळहळले. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "जराबी वाजंना की रं. सगळं भंगार बनावट दिसतंय."

महंमदभाई पोट धरून हसले. "जा, समजावून सांग त्यास्नी."

"न्हाय भाई. आठवडाभर समजावूनच सांगत हुतो."

"मग हे मशिन दे मला. न वाजणारं मला परवडतंय."

तेवढ्यात दादासाहेब पायरी उतरून आले. त्यांनी सिद्धूच्या हातातलं मशिन अलगद, दुधाचा तांब्या घ्यावा तसं काढून घेतलं आणि काखेत धरलं.

"भाई, तुमाला पुण्यावरनं नवं कोरं मागवून देतील आमचे मेव्हणं. हे हितलं हाय." मग सिद्धूकडं वळून म्हणाले, "चला, तुमची आक्का ताट घिऊन बसलीया कवाची. जेवून घ्या, तवर मी वाजवतो."