डाव्या पायाचा काळू

मी पेठचा, काळू आहुप्याचा. तालुका एकच, पण मी हायवेवरचा आणि तो पार कड्यावरचा. त्यामुळं त्याला चिडवणं हा माझा हक्कच होता. त्या हिवाळ्यात आमची कंपनी सीमेवरच्या एका पोस्टवर होती. मी हवालदार, काळू एक हुद्दा खाली, नाईक. फुटबॉलमध्ये मात्र साहेब तोच. डाव्या पायानं असा मारायचा की गोलकीपर नुसता बघत राहायचा. त्याला लष्कराच्या कमांडच्या टीमच्या ट्रायलचं बोलावणं आलं होतं. आमच्या डोंगरातून तिथवर पोचलेला तो पहिलाच. आठ दिवसांनी निघायचं होतं.

रोज १५३० ते १६३० हेलिपॅडवर खेळ. कडेला धोक्याची टेप, टेपच्या आत माइन्स, जमिनीत पुरलेले सुरुंग. बॉल आत गेला की काळू म्हणायचा, "गेला तो देवाचा." आहुप्याच्या देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. तोच नियम त्यानं इथं लावलेला. मी म्हणायचो, "काळूराव, हितं कुठला आलाय तुमचा देव?"

त्या दिवशी १६१० ला माझाच फटका टेपवरून गेला. शेवटचा बॉल. चार पावलांवर पडलेला. काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, मी आत शिरलो.

"दादा, थांब. पाय उचलू नको." काळू ओरडला.

बुटाशेजारी बर्फातून गंजकी कड दिसत होती. बर्फ सरकला की माइनही सरकते, हे मीच नव्या जवानांना शिकवायचो. रेडिओवाल्यानं सेट उचलला.

"टायगर फॉर चार्ली. एक जवान टेपच्या आत. सॅपर पाठवा. ओव्हर."

"दोन तास लागतील. ओव्हर."

सुरुंग काढणारे सॅपर यायला दोन तास, आणि उजेड तासाभराचा होता. लाज कसली सांगायला, मी रडत होतो.

कंपनी कमांडर ओरडले, "कोई अंदर नहीं जाएगा." काळू तोवर पोटावर झोपून संगीन टोचत निघाला होता. चार पावलांना पस्तीस मिनिटं लागली.

"आता माझ्या खुणांवर पाय ठिव. फुडं हो, मी मागं हाय."

दुसऱ्या पावलाला मी घसरलो. मला धरायला काळूनं डावा पाय खुणेबाहेर टाकला. स्फोट झाला, सुरुंगाचे दोन तुकडे माझ्या पाठीत घुसले. त्याचा पाय घोट्यापासून गेला. मी त्याला ओढत टेपबाहेर आणला.

पेन्शनीवर आल्यावर त्यानं कृत्रिम पायावर, काठी टेकत, आहुप्यात पोरींना फुटबॉल शिकवायला घेतलं. लोक लई हसले. मग त्याच्या दोघी जिल्ह्याच्या टीममध्ये गेल्या आणि हसणं थांबलं. मी त्या मैदानावर कधी गेलो नाही. जाववलंच नाही.

गेल्या महिन्यात काळू झोपेतच गेला. दहाव्याला नदीवर भाषणं सुरू होती. त्याच्या टीमची कॅप्टन माझ्याकडं आली.

"पेठचे हवालदारकाका ना तुमी? सर दरवर्षी सांगायचे, तुमी आत शिरून त्यांना वडून काढलं, म्हनून ते जगले."

"आनि आत का गेलो व्हतो, ते?"

"ते नाय कधी सांगितलं."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी माईक घेतला. बॉल मी मारला होता, आणायला मी गेलो होतो, आणि त्याचा पाय मला धरताना गेला, एवढं सांगून मी पोरींच्या रांगेत खाली बसलो.