बिरूचा दम

माझ्या बायकोला माझं बहुतेक सगळं ठाऊक आहे. कुठल्या परीक्षेत कॉपी केली, कुणाच्या हातून मार खाल्ला, तिच्या भावाबद्दल माझं खरं मत काय — सगळं. एवढं एक सोडून. दोनदा सांगायला म्हणून बसलो. दोन्ही वेळा बोलणं कबड्डीवर गेलं, तिथून माझ्या गुडघ्यांवर आणि मग चहावर. म्हणून आता लिहून बघतो. लिहिताना निदान समोरच्याचा चेहरा बघावा लागत नाही.

आधी थोडं मागचं सांगतो. त्यावाचून तुमचं अडेल असं नाही — पण थेट तिथं जायला माझे पाय उचलत नाहीत, असं समजा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मेढ्याचा, डोंगरातला. सांगलीच्या एका कॉलेजात मला आणलं ते डोक्यासाठी नव्हे, पायांसाठी. आमचे जिमखान्याचे माने सर सुट्टी लागली की गावोगावच्या जत्रा धरायचे. देवाला हात जोडायचे, पण जायचे ते जत्रेतल्या कबड्डीच्या सामन्यांसाठी. मैदानाच्या कडेला उकिडवे बसायचे आणि खेळणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता नुसती पावलं बघत राहायचे. पोरगा मनात भरला की संध्याकाळी त्याच्या घरी जेवायला हजर. हात धुतले की बापाला सांगायचे — वसतिगृहात जागा, दोन वेळचं जेवण, फी माफ, आणि पोरगा पदवीधर होईल. हे शेवटचं फार थोड्यांच्या बाबतीत खरं झालं. माझ्या बाबतीत झालं, कसंबसं.

मी चढाईवाला. कबड्डी न बघितलेल्यांसाठी सांगतो — एकानं एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत पलीकडच्या सातजणांत शिरायचं, कुणाला तरी शिवायचं आणि श्वास तुटायच्या आत परत यायचं. त्या एका श्वासाला आम्ही दम म्हणतो. आता तीस सेकंद झाले की शिट्टी वाजते. तेव्हा तसलं काही नव्हतं. दम असेल तोवर तुम्ही आत. त्यामुळे ज्याचा दम मोठा, मैदान त्याचं. टाळ्या त्याला, वर्तमानपत्रात नाव त्याचं. आणि कोपऱ्यात उभा राहून चढाईवाल्याचे घोटे धरणारा? त्याची बोटं मोडायची, गुडघे सोलवटायचे, आणि सामना संपल्यावर त्याचं नाव कुणाला आठवायचं नाही.

तिसऱ्या वर्षी मी कॅप्टन झालो. त्या सुट्टीत सरांना ताप होता, म्हणून त्यांनी मला एकट्यालाच एका जत्रेला धाडलं — विट्याच्या पलीकडे, आटपाडीच्या वाटेवर. तिथं मला बिरू दिसला. मेंढपाळाच्या घरातला, नुकताच मॅट्रिक झालेला, काटकुळा, लांब हातांचा. तो चढाईला गेला, आणि मी सरांची शिकवण विसरून त्याच्या तोंडाकडेच बघत राहिलो. परतच येईना! समोरचे सातजण थकून मागच्या रेषेला टेकले, तरी याचं आपलं चालूच, संथ, एका सुरात. गडबड नाही, घाई नाही. मला कौतुक वाटलं. खरंच वाटलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल की मी आधीपासूनच जळत होतो. नाही. त्या दिवशी तर मला वाटत होतं, याला मीच शोधला.

एवढा दम आणला कुठून, असं मी त्याला विचारलं. तो लाजला. म्हणाला, “मेंढरू चुकलं की हाक मारत पळायचं असतंय, दादा. हाक मधी तुटली की मेंढरू भलतीकडंच जातंय. म्हून तोडायची न्हाई.”

त्याच्या बापाकडे जेवलो. मटण होतं, बाजरीची भाकरी होती. सरांचं ते वसतिगृहाचं भाषण मी पाठ म्हणून दाखवलं. कऱ्हाडच्या एका कॉलेजचा माणूस आदल्याच दिवशी येऊन गेला होता, पण तो म्हणे जेवला नाही, घाईत होता. म्हाताऱ्यानं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाला, “तुमी घरात जेवलायसा. आता ह्यो तुमच्या हवाली. तुमी म्हनशीला तसं ऱ्हाईल त्यो.” बिरू वळकटी घेऊन माझ्याबरोबरच एसटीत बसला.

सांगलीला आल्यावर सरांनी मला खोलीत बोलावलं. त्यांचा एक जुना हट्ट होता — कोपऱ्यातल्या माणसानं चढाईला जायचं नाही, त्यानं आपले गुडघे राखून ठेवायचे. आणि मुख्य चढाईवाला एकच. सर म्हणाले, “याचा दम तू म्हणतोस तसा निघाला, तर हा चढाईला आणि तू उजव्या कोपऱ्याला. तुझी पकड चांगली आहे.” अगदी सहज म्हणाले. त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना एका मोठ्या गिरणीची माणसं येणार होती. त्यांना संघासाठी एक खेळाडू हवा होता — आणि तो चढाईवाला. निवड झाली की नोकरी, आयुष्यभराची. हे सरांना ठाऊक होतं, मलाही. बिरूला नव्हतं.

दम मोजायची आमच्याकडे एक रीत होती. जिमखान्याचं एकच स्टॉपवॉच, ते कॅप्टनच्या गळ्यात. नवा गडी मैदानाला फेरी मारत कबड्डी म्हणणार, सर त्याच्या तोंडाशी कान नेऊन बरोबर पळणार, दम तुटला की हात वर करणार, आणि आकडा दमाच्या वहीत जाणार. वहीत गेला म्हणजे संपलं. त्या आकड्यावर कोण कुठं खेळणार ते ठरायचं. माझा आकडा चौतीस.

त्या दुपारी सर नव्हते. बिरूची वसतिगृहातली जागा अडली होती, म्हणून प्राचार्यांकडे गेले होते. जाताना म्हणाले, त्याचा दम तेवढा घेऊन ठेव.

मैदानावर आम्ही दोघंच. बिरूनं स्टॉपवॉच कधी बघितलं नव्हतं. हातात घेतलं, कानाला लावलं आणि हसला. मग पळायला लागला. मी त्याच्या बाजूनं पळत होतो. तीस झाले. पस्तीस. चाळीसला मला धाप लागली — मला, ज्याला दम धरायचाच नव्हता! पंचेचाळिसाला मी थांबलो आणि तिथूनच ऐकत राहिलो. एक्कावन्नला त्याचा दम तुटला, आणि तोही ठेच लागली म्हणून. तो घाम पुसत माझ्याकडे आला आणि विचारलं, “किती झालं वं?”

मी म्हणालो, “एकवीस.”

मी आजवर याच एका क्षणाभोवती फिरत आलोय. मला कुतूहल आहे ते याचं, की हा आकडा आला कुठून? पंचवीस का नाही? तीस म्हटलं असतं तरी माझं काम भागलं असतं. मी काही ठरवून गेलो नव्हतो. पळतानाही मनात काही नव्हतं. तोंड उघडलं आणि तो बाहेर पडला, नीट, शांत आवाजात. माझ्या आत कुणीतरी आधीच हिशेब करून ठेवला होता की काय? आणि तो कुणीतरी मीच ना?

बिरूचा चेहरा उतरला. भांडला नाही. नुसतं म्हणाला, “घरी लय वाटायचं मला. पन घड्याळाला काय खोटं बोलाया येतंय व्हय?” मेंढरांच्या मागं रोज मैल-मैल हाक तुटू न देणारा गडी, आणि आपल्या छातीपेक्षा त्याचा माझ्या गळ्यातल्या घड्याळावर जास्त विश्वास! मी वहीत एकवीस लिहिलं आणि खाली सही केली.

सरांनी आकडा बघून कपाळाला आठ्या घातल्या. जत्रेत तर तू भलतंच सांगत होतास, म्हणाले. आता इथं तरी मला मागं फिरता आलं असतं — मोजण्यात चूक झाली म्हटलं असतं, पुन्हा घेऊ म्हटलं असतं. मी म्हणालो, “सर, जत्रेतले पंच ढिले असतात. मधेच हळूच श्वास घेऊन दम चोरत असेल.” म्हणजे मी त्याचा दम चोरला तो चोरलाच, वर त्यालाच चोर ठरवलं.

पण सर कच्चे नव्हते. आठ-पंधरा दिवस सरावात त्यांनी त्याला चढाईला पाठवून बघितलं. माझं पितळ तिथं उघडं पडायला हवं होतं. मी भीत होतो. आणि घडलं काय? पहिल्याच दिवशी बिरूनं मला बाजूला घेऊन विचारलं, “एकवीस म्हंजे मैदानात कुटवर येतं, दादा?” मी सांगितलं, निदानरेषा ओलांडलीस की मागं फिरायचं. ही रेषा प्रत्येक चढाईत ओलांडावीच लागते, म्हणजे मी त्याला दारातूनच परत फिरायला सांगितलं. आणि तो फिरला. रोज फिरला. परत यायचा तेव्हा खरंच धापा टाकत असायचा. ढोंग नव्हतं — त्याला ढोंग यायचं नाही. सरांनी स्वतः एकदा कान लावून ऐकलं आणि मान हलवली. नंतर रात्री झोप लागेना. एक आकडा सांगितल्यावर माणसाची छाती लहान होते? होत असेल, तर माझी चौतीसची कुणी ठरवली?

बिरू उजव्या कोपऱ्यात गेला. दोन वर्षं खेळला, फार चांगला खेळला. त्यानं घोटा धरला की सुटका नाही. मी चढाया करत राहिलो. गिरणीच्या माणसांनी माझं नाव लिहून घेतलं. ज्या सामन्यात त्यांनी ते घेतलं, त्यात शेवटचा गडी बिरूनं धरला होता, म्हणून आम्ही जिंकलो. सामना संपल्यावर मला खांद्यावर घेणाऱ्यांत तो पुढं होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं तेव्हा बांधलेली होती.

मी नोकरीला लागलो. त्यावर घर झालं, मुलं शिकली. बिरू दुसऱ्या वर्षी नापास झाला आणि परत गेला. तो सुखी नव्हता असं मी म्हणणार नाही, मला ते ठाऊक नाही. मेंढरं वाढवली, पुढे थोडी शेतीही केली, असं ऐकलं. मी कधी पत्र टाकलं नाही. त्याचं मात्र एक आलं होतं, माझ्या लग्नाच्या वेळी — शुभेच्छांचं, सुवाच्य अक्षरात, खाली ‘आपला उजवा कोपरा’. मी ते जपून ठेवलं नाही. टाकूनही दिलं नाही. घरात कुठं तरी असेल.

इथपर्यंत सांगून थांबता आलं असतं. तरुणपणी माणसाच्या हातून होतं, असं तुम्ही म्हणाला असतात, आणि मीही मान डोलावली असती. पण दोन वर्षांपूर्वी विट्याकडच्या एका गावानं मला पाहुणा म्हणून बोलावलं. जुना खेळाडू म्हणून शाल, नारळ. शाळेतल्या मुलींचे सामने होते. मांडवात एक म्हातारा पुढं झाला, माझे दोन्ही हात धरले. मोडून वाकड्या जुळलेल्या दोन बोटांवरून मी ओळखलं. “दादा, तुमी न्हाई म्हातारं झालासा!” म्हणाला. मी झालो होतो.

त्याची नात खेळणार होती. त्याच्यासारखीच काटकुळी, लांब हातांची. सामन्याआधी मुली सराव करत होत्या, आणि मी तिच्याकडे बघत होतो — नाही, ऐकत होतो. ती मैदानाच्या कडेनं चालता चालता कबड्डी म्हणत होती, आपल्याच नादात, संथ, एका सुरात. मी मनात मोजायला लागलो. जुनी सवय. चाळीसच्या पुढं गेल्यावर मी मोजणं सोडलं.

त्यांच्या बाई संघ लावत होत्या. म्हणाल्या, हिला चढाईला ठेवून बघूया का? बिरू हसला आणि हात हलवून म्हणाला, “नगं, बाई. कोपऱ्यातच ठेवा. आमच्या घरात दम न्हाई.” बाईंनी पुन्हा पोरीकडे बघितलं. तेव्हा त्यानं मोठ्या विश्वासानं माझ्याकडे बोट केलं. “इचारा की ह्यांना. ह्यांनीच घड्याळावर बगितलाय माजा. एकवीस.”

बाई माझ्याकडे बघत होत्या. पोरगी माझ्याकडे बघत होती. बिरूही बघत होता, हसत. मी सत्तरीचा, गळ्यात शाल, हातात नारळ. नोकरी केव्हाच संपली होती, गिरणीसुद्धा राहिली नव्हती. गमवायचं असं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. एक शब्द पुरला असता.

मी मान हलवली. हो म्हणून.

पोरीनं कंबरेला ओढणी घट्ट बांधली आणि ती उजव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.